पुरीचा अरुणस्तंभ कोणार्कला परत द्यायला हवा

वऱ्हाडी पथिक (धागाकर्ता)

पुरीला जाऊन आलेल्यांनी जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोरचा सोळा पैलूंचा काळसर खांब पाहिला असेल. एकसंध दगड, उंची साधारण ३३ फूट, माथ्यावर हात जोडून बसलेला अरुण. अरुण हा सूर्याचा सारथी. तो जगन्नाथाच्या दारात कसा, याचं उत्तर सरळ आहे: हा खांब मुळात पुरीचा नाहीच. कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढे तो उभा होता आणि अठराव्या शतकात, ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना, तिथून उचलून पुरीला आणला गेला.

तो अंमल १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी झालेल्या तहापासून १८०३ मध्ये इंग्रजांनी पुरी घेईपर्यंत होता. म्हणजे खांब हलवला तो आपल्या माणसांच्या राज्यात. म्हणूनच हा विषय मराठीत मांडतोय.

गंग राजा नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात कोणार्कचं मंदिर सूर्याच्या रथाच्या रूपात उभं केलं. चोवीस चाकं, सात घोडे. आज चाकं आहेत, घोड्यांचे भग्न अवशेष आहेत, सारथी मात्र पस्तीसेक किलोमीटरवर दुसऱ्याच देवाच्या दारात. इंग्रजांनी नेलेल्या वस्तू परत मागताना आपण म्हणतो की वस्तू जिथे घडली तिथेच तिचा अर्थ पुरा होतो. तोच नियम स्वतःला लावायची वेळ आली की गप्प का बसायचं? स्तंभ कोणार्कला जावा आणि ही मागणी महाराष्ट्रातून व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चंद्रभागातीर

पूर्ण असहमत. पुरीचं देऊळ हे संग्रहालय नव्हे. पहाटेपासून तिथे माणसांची रीघ असते, ती सिंहद्वारातून आत शिरते, बावीस पायऱ्या चढते, आणि त्या वाटेवरचा पहिला नमस्कार अनेकजण अरुणाला करतात. ज्यांना मंदिरात प्रवेश नाही, ते त्याच दारातून पतितपावनाचं, म्हणजे दारातल्या जगन्नाथाच्या रूपाचं, दर्शन घेतात. दोनशेहून अधिक वर्षं हे चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हात जोडले, तो खांब क्रेनने उचलून जिथे पूजाच होत नाही अशा आवारात नेऊन ठेवायचा? कोणार्कला तिकीट काढून लोक शिल्प बघायला जातात. बघावंच, मीही तासन्‌तास बघितलंय. पण उपासनेतली वस्तू उपासनेतून काढून प्रदर्शनात ठेवणं ही मला परतफेड वाटत नाही.

आणि हा निर्णय ओडिशातल्या भाविकांचा आहे. नेताना त्यांना कुणी विचारलं नसेल, तर मग परत द्यायचंही इथे बसून आपणच ठरवायचं का?

मोडीवाचक

धागाकर्त्यांनी इंग्रजांच्या नेण्याशी तुलना केलीय, ती मला पटत नाही. इंग्रजांनी वस्तू देशाबाहेर नेल्या, कपाटात ठेवल्या. इथे खांब एका ओसाड पडत चाललेल्या देवळातून नांदत्या देवळात आला. मराठ्यांचे गुरू मानल्या जाणाऱ्या एका गोसाव्याच्या पुढाकाराने हे झालं, असं सांगितलं जातं. तो काही लूट म्हणून नागपूरला नेला नाही.

शिवाय परंपरा सांगते की कोणार्कची सूर्यमूर्ती त्याआधीच, सतराव्या शतकात, पुरीला हलवली गेली होती. जगन्नाथाच्या प्राकारातल्या सूर्यमंदिराशी तिचं नाव जोडलं जातं. हे खरं धरलं तर अरुण आपल्या स्वामीमागोमागच आला. देव पुरीत आणि सारथी रिकाम्या देवळापुढे, यात कोणता अर्थ पुरा होणार?

वऱ्हाडी पथिक

मोडीवाचक, देऊळ ओसाड पडत होतं म्हणून नेलं, हे अर्धंच झालं. कोणार्कच्या आवारातले दगडही मराठा अंमलात पुरीच्या बांधकामांसाठी काढले गेल्याचं इतिहासकार नोंदवतात. म्हणजे पडझडीला हातभार लावायचा आणि मग पडझड झाली म्हणून उरलेलं हलवायचं. वास्तुकलेचा इतिहासकार फर्ग्युसन याने १८३७ मध्ये कोणार्कचं चित्र काढलं तेव्हा मुख्य शिखराचा एक मोठा तुकडा अजून उभा होता. १८४८ च्या वादळात तोही गेला. उरलं जगमोहन, म्हणजे गाभाऱ्यापुढचा सभामंडप, आणि ते कोसळू नये म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आतून वाळू भरून बंद केलं. आज कुणालाही त्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. इतकं गमावलेल्या जागेला तिचा एक शाबूत खांब मिळावा, एवढंच म्हणतोय.

चंद्रभागातीर, निर्णय ओडिशाचाच, यावर वाद नाही. पण नेणाऱ्याच्या वारसांनी आधी बोलायला हवं. समोरच्याने मागेपर्यंत वाट बघायची नसते.

दगडपारखी

माझं काम जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचं आहे, म्हणून फक्त दगडाबद्दल बोलतो. कोणार्कच्या बहुतेक भिंती खोंडालाइटच्या आहेत. खारा वारा आणि पाऊस मिळून हा दगड पोखरतात, नक्षी भुग्यासारखी गळते. अरुणस्तंभ क्लोराइटचा, अधिक बारीक कणांचा. कोणार्कच्या सूर्यमूर्तीही त्याच जातीच्या दगडात आहेत आणि त्यांची कोरीव रेषा अजून धारदार दिसते. म्हणजे कुणी हवेचा मुद्दा काढला, तर तो दोन्ही बाजूंनी बाद, कारण पुरी काय, कोणार्क काय, समुद्र जवळच.

खरा धोका हलवण्यात आहे. तेहतीस फुटांचा एकसंध खांब आडवा करताना मधोमध वाक येतो, आणि आत जुनी बारीक भेग असेल तर ती तिथेच उघडते. एकदा हा प्रवास निभावला, याचा अर्थ दुसऱ्यांदा निभावेल असा होत नाही.

कोणार्कच्याच नवग्रहशिळेचं, म्हणजे दरवाजावरच्या नवग्रह कोरलेल्या शिळेचं, काय झालं ते बघा. एकोणिसाव्या शतकात ती कलकत्त्याला न्यायचं ठरलं. देवळापासून सुमारे दोनशे फूट नेली आणि वजनापुढे हात टेकले. आज ती जवळच एका साध्या वास्तूत आहे आणि लोक तिची पूजा करतात. ती परत दरवाजावर चढवा, असं मी कधीच म्हणणार नाही.

चंद्रभागातीर

नवग्रहशिळेचं उदाहरण अगदी नेमकं. जिथे थांबली तिथे तिला भक्त मिळाले. अरुणालाही मिळालेत.

वऱ्हाडी पथिक

दगडपारखी, हलवण्याचा धोका मी हलका मानत नाही. आधी तपासणी व्हावी, भेग निघाली तर स्तंभ आहे तिथेच राहावा. पण निघाली नाही, तर माझी मागणी कायम आहे.

मोडीवाचक

आणि माझा विरोधही. एक काम मात्र दोघांनाही उपयोगी पडेल. खांब कोणत्या साली हलला, खर्च कुठून आला, हुकूम कुणाचा होता, हे भोसल्यांच्या मोडी कागदांत शोधायला हवं. नागपूरकडच्या कुणाला ते दप्तर पाहण्याची सोय असेल तर इथे लिहा, वाचायला मी येतो.