इंग्रजी क्रियाविशेषण शिकवताना मराठी आड येते, तेव्हा कन्नडचा आधार घ्यावा का?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एक पालक

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते आणि शेजारपाजारच्या सहवासामुळे कन्नडही सहज बोलते. तिने इंग्रजीच्या वहीत ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल’ आणि ‘ही स्पीक्स वेल इंग्लिश’ अशी वाक्ये लिहिली होती. दोन्हींवर लाल फुली होती, कारण मात्र लिहिलेले नव्हते. क्रियाविशेषणाची व्याख्या तिला तोंडपाठ आहे, तरीही लिहिताना चूक होते. तिला हे कसे समजावून सांगावे?

उत्तर १ : निपाणी, निवृत्त इंग्रजी शिक्षक

आपल्या मुलीची पहिली चूक मराठीतून आलेली आहे. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात’ या वाक्यांत ‘चांगला’ हा शब्द गाण्याची रीत सांगतो, पण रूप मात्र विशेषणासारखे बदलतो; ‘ती सुंदर गाते’ यात तर विशेषण जसेच्या तसे क्रियापदाशेजारी बसते. त्यामुळे विशेषण आणि क्रियाविशेषण यांची रूपे वेगळी असू शकतात, ही जाणीव मराठी मुलाला सहजासहजी होत नाही. इंग्रजीत रीत सांगताना ‘ब्यूटिफुल’चे ‘ब्यूटिफुली’ आणि ‘गुड’चे ‘वेल’ करावे लागते.

दुसरी चूक जागेची आहे. इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये असे क्रियाविशेषण सहसा येत नाही, म्हणून ‘ही स्पीक्स इंग्लिश वेल’. मी वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहीत असे : ‘तो काल सभेत छान बोलला.’ इंग्रजीत याचे ‘ही स्पोक वेल अ‍ॅट द मीटिंग येस्टरडे’ होते. आपण काळ, स्थळ, रीत आणि शेवटी क्रियापद असे जातो. इंग्रजी क्रियापदापासून निघून रीत, स्थळ, काळ असे उलटे येते. हा आरसा एकदा दिसला की मुले तो विसरत नाहीत. ‘ऑल्वेज’सारखे शब्द मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी आणि ‘इज’, ‘आर’ यांच्या नंतर येतात.

उत्तर २ : बेळगाव, शहापूर

निपाणीच्या सरांनी मराठीची अडचण अचूक सांगितली आहे. आपल्या भागातील मुलांजवळ तिच्यावरचा उपायही आहे, असे मला मनापासून वाटते. कन्नडमध्ये ‘अवनु चेन्नागि हाडुत्ताने’ (तो चांगला गातो) आणि ‘अवळु चेन्नागि हाडुत्ताळे’ (ती चांगली गाते) या दोन्ही वाक्यांत ‘चेन्नागि’ बदलत नाही, आणि ‘सुंदर’ला ‘आगि’ जोडून ‘सुंदरवागि’ होते. ‘ब्यूटिफुल’ला ‘ली’ जोडण्याची क्रिया याच्याशी जुळते. मुलीला ‘ती सुंदर गाते’ हे वाक्य कन्नडमध्ये सांगायला लावा. जिथे तिच्या तोंडून ‘आगि’ येईल, तिथे इंग्रजीत ‘ली’ लागते का, हे तिने तपासावे.

पुन्हा प्रश्नकर्ते पालक

आपला उपाय काल रात्रीच करून पाहिला आणि ‘ब्यूटिफुली’ तिने स्वतःहून लिहिले. नंतर मात्र आपल्या बेळगावच्या कुंदा या मिठाईबद्दल ‘द कुंदा टेस्ट्स स्वीटली’ असेही लिहिले, आणि ‘ही वर्क्स हार्डली’ सुद्धा.

उत्तर ३ : निपाणी, निवृत्त इंग्रजी शिक्षक

कन्नडची वाट इथे फसवते, कारण ‘कुंदा सिहियागिदे’ (कुंदा गोड आहे) यातही ‘आगि’ आहे. इंग्रजीत ‘टेस्ट्स’, ‘लुक्स’, ‘स्मेल्स’ ही क्रियापदे अशा वाक्यांत कर्त्याचा गुण सांगतात, म्हणून त्यांच्यामागे विशेषणच येते. गोड आहे तो कुंदा. चाखण्याची क्रिया गोड नाही. तेव्हा ‘द कुंदा टेस्ट्स स्वीट’ हेच बरोबर.

‘हार्ड’चे कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला ‘ए’ हा प्रत्यय लावून क्रियाविशेषण करीत; पुढे तो अंत्य स्वर गळून पडला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘लेट’ यांची दोन्ही रूपे एकच उरली. ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करीत नाही. कष्टाळू माणसावर हा अन्याय होईल. उलट ‘फ्रेंडली’ला ‘ली’ असूनही ते विशेषण आहे. हे मोजके शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वाक्यांसह लिहून ठेवायला सांगा, नुसती यादी नको.