प्रति: शिडाच्या जहाजावरून पॅसिफिक बेटं

अनुभव नसेल तर शिडाच्या जहाजावर घेतात का, असं वर विचारलंय. पिक्टन कॅसल नावाच्या जहाजावर घेतात, पण पैसे भरूनही तुम्ही पाहुणे नसता! १९२८ साली इंग्लंडमध्ये मासेमारीसाठी बांधलेली ही बोट, आता तीन डोलकाठ्यांची. चार तास ड्यूटी, आठ तास मोकळे, रात्रीसुद्धा. सुकाणू धरायचं, गंज खरवडायचा, स्वयंपाकघरात भांडी घासायची. आणि शीड गुंडाळायला वर चढायचं. आडव्या काठीखाली ताणलेल्या दोरावर पाय, काठीवर पोट टेकलेलं, दोन्ही हातांनी ते जाड, ओलं कापड ओढायचं. खाली जहाज डोलतंय. वर जाण्याची सक्ती नसते, पण एकदा चढलेला माणूस सहसा परत चढतो.

गलापागोसहून पिटकेर्न या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटाला जाताना कित्येक दिवस जमीन दिसत नाही. तिथे धक्क्याला लागता येत नाही, बेटावरचेच लोक लांब होडीतून न्यायला येतात. एकूण वस्ती पन्नासच्या आसपास.

आपल्याकडची शिडाची तरंगिणी गोवा शिपयार्डनेच बांधलेली, पण ती नौदलाची. सर्वसामान्यांना परदेशी जहाजच गाठावं लागतं. भारतीय पासपोर्टवर मात्र प्रत्येक बंदराचा व्हिसा आधी बघा, फ्रेंच पॉलिनेशियाचा तर नक्कीच.