मदत हवी आहे: फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक रेसच्या गाडीत बॅटरी फुल्ल असताना मागची चाकं थांबतात कशी?

नमस्कार मंडळी, जळगावला ई-रिक्षा रिपेरिंगचं गॅरेज आहे, आयटीआयची पोरं शिकायला येतात. फॉर्म्युला ई ची रेस जेद्दाहला येतेय, तेच जुनं बंदर जिथे मुंबईहून हाजींची जहाजं जायची, तर त्या दिवशी पोरांना मोठ्या स्क्रीनवर रेस दाखवत गाडी समजावून सांगायचीय.

अडलंय एका ठिकाणी. जेन३ इव्हो गाडीची वापरता येणारी बॅटरी ३८.५ किलोवॅट-तास, पुढची-मागची मोटर मिळून ६०० किलोवॅटपर्यंत रीजन (म्हणजे वेग कमी करताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत परत भरणं), आणि मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नाहीतच, मोटरच गाडी आवरते. पण आम्ही फुल्ल चार्ज रिक्षा रीजन चालू ठेवून उतारावर सोडली तर मीटरवर ५९ व्होल्ट चढले, कंट्रोलरने रीजन कट केलं, लाल लाईट लुकलुकायला लागली आणि शेवटी ड्रम ब्रेकनेच थांबवावी लागली. ४८ व्होल्टची, लेड-अ‍ॅसिडवाली आहे, वायरिंग दोनदा तपासलं, कंट्रोलर बदलून पाहिला, तेच.

व्हिडिओ बरेच पाहिले, सगळे पिट बूस्टवरच बोलतात (रेस चालू असताना पिटमध्ये थांबून ३० सेकंदात ३.८५ किलोवॅट-तास चार्ज, २०२५ ला जेद्दाहलाच पहिल्यांदा वापरलं), भारीच आहे ते, पण माझा प्रश्न तो नाही. लिथियम चांगली असते एवढंच उत्तर नकोय, पोरं लगेच पुढचं विचारतात.

रेसच्या पहिल्या लॅपला बॅटरी भरलेली असताना ती रीजनची पॉवर जाते कुठे, का तेव्हा सगळा भार पुढच्या ब्रेकवरच असतो?