अर्धवट स्पेस गेम आत्ताच घ्यावा का १.० ची वाट बघावी?

कक्षाभ्रष्ट:
मंडळी एक सल्ला हवाय. एक स्पेस सिम आहे, अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला. नाव मुद्दाम देत नाहीये कारण दिलं की सगळे त्या गेमवर तुटून पडतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. तर रॉकेट आपणच बनवायचं, कक्षेत न्यायचं, स्टेशन जोडायचं, चंद्रावर खाणकाम वगैरे. डेमो दोन वीकेंड खेळलो आणि पार वेड लागलं, पहिल्यांदा डॉकिंग (कक्षेत दोन यानं जोडणं) जमलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, खोलीत एकटाच टाळ्या वाजवत बसलो. पण रोडमॅप (पुढे काय काय येणार त्याची यादी) उघडला तर निम्म्याहून जास्त गोष्टींपुढे 'लवकरच'. मल्टिप्लेयर लवकरच, वसाहती लवकरच, दुसरी सूर्यमाला लवकरच. वर असंही म्हणतायत की १.०, म्हणजे पूर्ण आवृत्ती, आल्यावर किंमत वाढणार. म्हणजे आत्ता घेतला तर स्वस्तात पडतो पण अर्धा, नंतर महाग पण पूर्ण (झाला तर!). मला मेन म्हणजे मित्रासोबत खेळायचंय. काय करू?

इंधनसंपलं:
मित्रासोबत खेळायचंय आणि मल्टिप्लेयर यायचाय, मग विषय संपला की. बाजारात तुरी आहेत अजून.

मी हे एकदा करून बसलोय म्हणून सांगतो. असाच एक गेम घेतलेला, चाळीसेक तास घालून स्टेशन उभं केलं, एक अपडेट आला आणि जुने सेव्ह चालेनात. ठीक आहे म्हणलं, अर्ली ॲक्सेस आहे, होतं असं, परत बांधलं. मग अपडेट महिन्याऐवजी तीन महिन्यांनी यायला लागले, मग सहा, मग डेव्हलपरची एक पोस्ट आली की आम्ही काहीतरी भारी करतोय थोडा धीर धरा, आणि ती शेवटचीच. स्टेशन अजून आहे माझ्या हार्ड डिस्कवर, उडवायला हात होत नाही.

हळूबर्न:
वर भाऊंनी एकच बाजू सांगितली, मी दुसरी सांगतो. ओरिजिनल कर्बल स्पेस प्रोग्रॅम, असाच रॉकेट बनवायचा गेम, २०११ ला पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा त्यात चंद्रसुद्धा नव्हता, उडायचं आणि पडायचं एवढंच. डॉकिंग आलं ०.१८ आवृत्तीला, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरात, आणि १.० व्हायला २०१५ उजाडलं. पण त्या मधल्या काळात जी मजा आली ती नंतर आयता पूर्ण गेम घेणाऱ्यांना कधीच कळणार नाही, दर अपडेटला नवीन खेळणं हातात पडायचं आणि सगळे मिळून एकदमच धडपडायचे. अर्धवट असणं हीच मजा असते कधीकधी.

इंधनसंपलं:
आणि त्याच्याच दुसऱ्या भागाचं काय झालं ते पण सांग ना

हळूबर्न:
हो, ते आहेच. २०२३ च्या फेब्रुवारीत अर्ली ॲक्सेसला आला, रोडमॅपवर विज्ञान, वसाहती, दुसऱ्या ताऱ्यापर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेयर असं सगळं ओळीने मांडलेलं. त्यातलं विज्ञान तेवढं त्या डिसेंबरात आलं, आणि २०२४ मध्ये अपडेट यायचेच थांबले. मान्य.

शून्यगुरुत्व:
रोडमॅपवर किती गोष्टी आहेत ते मोजू नका, कोणत्या उरल्यात ते बघा. नवीन ग्रह, नवीन इंजिन, नवीन पार्ट हे नंतर घालता येतं, भिंतीला रंग दिल्यासारखं. पाया नंतर घालता येत नाही. स्पेस गेमचा पाया म्हणजे अंतरं. गेममध्ये वस्तूची जागा बऱ्याचदा ३२ बिटच्या आकड्यात ठेवतात, त्यात साधारण सातच अंक नीट बसतात. म्हणजे मूळ बिंदूपासून १०० किमीवर गेलात की जवळजवळ ८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी जागा मोजली जाते, आणि १०,००० किमीवर थेट १ मीटरच्या. १ मीटरच्या पायऱ्यांनी डॉकिंग करून दाखवा! यान थरथरायला लागतं, सांधे ताणले जातात, मग काहीही कारण नसताना स्फोट. कर्बलवाले याला क्रॅकन म्हणायचे. यावरचा उपाय म्हणजे यान मध्यावर धरायचं आणि बाकीचं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. एकट्याच्या गेममध्ये हे जमतं. आता दोन खेळाडू आले, एक पृथ्वीजवळ, एक गुरूजवळ, तर मध्यावर कोणाला धरणार? वर एकाने वेळ १००० पट पळवली आणि दुसरा त्याच वेळी डॉकिंग करतोय, मग? म्हणून मल्टिप्लेयर शेवटी ठेवलाय असं वाचलं की मी विंडो बंद करतो.

डेमोत बघ ना, लांब जा, उतर, सेव्ह कर, लोड कर. उभं राहिलं यान तर पाया बरा आहे.

टाकीफुल्ल:
स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) असेल तर रिफंड आहे की, १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं पाहिजे, अर्ली ॲक्सेसलाही लागू आहे. फक्त या गेमचा प्रकार असा आहे की पहिलं रॉकेट जोडण्यातच दीड तास जातो, आणि उडवायच्या आधीच मुदत संपत येते 😅 घड्याळ लावून बसा.

आणि किंमत वाढणार वाढणार म्हणतात ते खरंही असेल, पण १.० नंतर सेल लागत नाहीत का? घाई करायला लावणाऱ्या गोष्टीला मी तरी भाव देत नाही.

कक्षाभ्रष्ट:
सगळ्यांना धन्यवाद. शून्यगुरुत्व यांनी सांगितलेलं करून बघितलं. लँडर लांबच्या छोट्या चंद्रावर उतरवला, एकदम झकास उतरला, चारी पाय टेकले, फोटोबिटो काढला. सेव्ह केलं, बाहेर आलो, लोड केलं. आधी पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतलेले दिसले, मग सेकंदभर काहीच नाही, आणि मग कोणीतरी खालून लाथ घातल्यासारखा लँडर गरागरा फिरत आकाशात गेला. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. एकदा तर अंतराळवीर बाहेर उभा होता तो तसाच राहिला, गाडी गेली निघून.

डेव्हलपरच्या डिस्कॉर्डवर पण विचारलं की मल्टिप्लेयरचं काम सुरू झालंय का. उत्तर आलं, 'ते डोक्यात ठेवूनच सगळं बनवतोय'.

शून्यगुरुत्व:
डोक्यात 🙂

हळूबर्न:
लँडर उडाला ते आवडलं मला, मी घेईन

कक्षाभ्रष्ट:
तर मी विशलिस्टला टाकून ठेवलाय, पायांचं ते दुरुस्त झाल्याचं पॅच नोट्समध्ये (अपडेटमधल्या बदलांच्या यादीत) दिसलं की परत विचार करू, तोपर्यंत डेमो झिंदाबाद. हे मित्राला कळवायला फोन केला तर तो म्हणतो, अरे मी परवाच घेतला, तू घेणारच म्हणून.