वजन कमी करायला व्यायाम करत असाल तर आजच बंद करा

मांजलपूरकर:
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या. आपल्याकडे व्यायाम म्हणजे वजन उतरवणं असं डोक्यात इतकं घट्ट बसलंय की बाकी काही सुचतच नाही कोणाला. कमाटीबागेत सकाळी अर्धं बडोदं चालत असतं, चांगलंच आहे, पण त्यातले बरेचसे गेटाबाहेर पडले की थेट फाफडा-जलेबीच्या गाडीवर, कारण काय तर आज पाच किलोमीटर झाले. आता हिशोब करा. सत्तर किलोचा माणूस पाच किमी चालला की साधारण २५० कॅलरी. १०० ग्रॅम फाफडा ५०० च्या घरात, जलेबी तर अजून धरलीच नाही. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी असतात म्हणजे महिनाभर रोज पाच किमी चाललात आणि एक घास जास्त खाल्ला नाहीत तर कुठे एक किलो, तेही कागदावर, कारण चालून आलं की भूक लागते आणि उरलेला दिवस माणूस "आज व्यायाम झाला" म्हणून सोफ्यावरून हलत नाही.

टांझानियात हाड्झा म्हणून लोक आहेत, शिकार करतात, कंद खणतात, दिवसभर पायी. २०१२ मध्ये त्यांचा रोजचा कॅलरी खर्च मोजला, तर शरीराच्या आकाराप्रमाणे हिशोब केल्यावर तो शहरात बसून काम करणाऱ्यांइतकाच निघाला. शरीर कुठून ना कुठून काटकसर करतं.

तर माझं म्हणणं एवढंच की वजन ताटात उतरतं. व्यायाम ताकदीसाठी करा, रक्तातल्या साखरेसाठी करा, झोपेसाठी करा. आणि चाळिशीनंतर चालण्यापेक्षा वजनं उचला. वजनकाटा माळ्यावर टाका.

सुरसागर_काका:
शीर्षक वाचून चहा सांडला. अहो भाऊ, लोक मुश्किलीने घराबाहेर पडतात आणि तुम्ही म्हणता बंद करा? मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं, शुगर आटोक्यात आहे, गोळी अर्धी झाली. वजन फार उतरलं नाही हे खरं, पण काटा आहे म्हणून तर मी सहाला उठतो. ज्याला जी काठी लागते ती धरू द्या की. ताकद वगैरे तुम्ही चाळिशीतल्या लोकांनी करा, माझं सदुसष्ट चालू आहे.

मांजलपूरकर:
काका शुगर आटोक्यात आली हेच तर मी म्हणतोय, तो चालण्याचा खरा फायदा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. पण तुमच्यासारखे जितके टिकतात त्याच्या कितीतरी पट लोक दोन महिने काटा हलला नाही म्हणून बूट कोपऱ्यात ठेवतात. त्यांचं काय? त्यांना कोणी सांगितलंच नाही की आतमध्ये फायदा होत होता.

वाडीची_लेक:
काटा माळ्यावर टाका म्हणणं सोपं आहे दादा. मला नवरा, सासूबाई, शेजारच्या बेन, सगळे एकच विचारतात, किती उतरलं? ताकद वाढली का असं कोणी आजपर्यंत विचारलं नाही. बरं ते सोडा, मला पोटाचंच कमी करायचंय फक्त, बाकी ठीक आहे. क्रंचेस करते रोज आणि तो घाम येणारा पट्टा बांधते. पट्टा काढला की खरंच अर्धा किलो कमी दिसतं.

फिजिओ_अकोटा:
ताई तो अर्धा किलो पाणी आहे, दोन ग्लास प्यायलात की परत. घाम म्हणजे शरीर थंड करायची सोय, चरबी वितळून बाहेर येत नाही. आणि फक्त पोटाचं कमी असं करता येत नाही, हा बहुतेक सगळ्यात हट्टी गैरसमज. स्नायू काम करतो तेव्हा तो शेजारच्या चरबीचे लचके तोडत नाही, चरबी सगळीकडून थोडी थोडी रक्तात येते आणि रक्तातून स्नायूला मिळते. कुठून आधी येणार ते हार्मोन आणि आनुवंशिकता ठरवतात. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळलेले लोक, त्या हाताचा स्नायू मोठा, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच. म्हणजे क्रंचेसने पोटाचे स्नायू तयार होतील, ते राहतील चरबीच्या खाली.

वाडीची_लेक:
म्हणजे पट्ट्याचे पैसे गेले.

निझामपुरा_एक्सप्रेस:
कमरेला गरम राहते ना, थंडीत वापरा 😄

दोनदा_जेवणारा:
इतकी चर्चा कशाला. डॉ. दीक्षितांचं ऐका, दिवसातून दोनदा जेवा, ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधे काही नाही आणि ४५ मिनिटांत साडेचार किमी चाला. मी केलं, चौदा किलो गेले, फुकटात. कॅलरी मोजत बसायची गरज नाही. इन्शुलिन सारखं सारखं वर गेलं की चरबी सुटत नाही, कॅलरीचा हिशोब हा जुना झाला.

मांजलपूरकर:
चौदा किलो गेले, अभिनंदन, मनापासून. पण कॅलरीचा हिशोब जुना झाला हे कुठून आणलंत? तुम्ही चार वेळचं खाणं दोन वेळा केलंत, मधला चहा-बिस्किटं-चिवडा गेला, तिथेच चारपाचशे कॅलरी गेल्या. मोजल्या नाहीत म्हणून गेल्या नाहीत असं होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ लोकांवर वर्षभराची तुलना झाली, अर्ध्यांना कमी चरबीचं जेवण, अर्ध्यांना कमी कार्बचं, म्हणजे स्टार्च-साखर कमी. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलो उतरलं, सांगण्यासारखा फरक नाही. इन्शुलिन जास्त बनणाऱ्यांना कमी कार्ब जास्त लागू पडेल असं वाटलं होतं, तेही दिसलं नाही.

दोनदा_जेवणारा:
अमेरिकेतले लोक पुरणपोळी खात नाहीत. आपल्याकडे जेवण म्हणजे कार्बच. आणि टिकतं का ते बघा ना, काय खायचं त्यापेक्षा कधी खायचं एवढा एकच नियम लोकांना पाळता येतो. तुमचे सतराशे साठ आकडे कोण लक्षात ठेवणार, माझी आई? ती आज दोनदा जेवते आणि विसरून जाते की डाएट चालू आहे.

मांजलपूरकर:
टिकतं हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याचं जे कारण सांगितलं जातं त्यावर माझं भांडण आहे. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले म्हणून जे लोक नाचतात ते बहुतेक पाणी असतं हेही कोणी सांगत नाही, शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, कमी होतो आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं ते जातं.

तालीमवाला:
हे सगळं वाचून हसू येतं. ज्या गावात राजरत्न माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर चालवलं त्या गावातले लोक आज पट्टे बांधतात आणि प्रोटीन पावडरचे डबे विकत घेतात. आमच्या वेळेला जोर, बैठका, मल्लखांब, वर दूध आणि भिजवलेले चणे. कोणाला प्रोटीन हा शब्द माहीत नव्हता आणि छात्या बघा. ते डब्यातलं स्टेरॉइड असतं, किडनी जाते, सोडलं की सगळं लोंबतं, स्नायूची चरबी होते. म्युझियममध्ये जाऊन गामा पहिलवानाचा दगड बघा, १९०२ साली उचललेला, १२०० किलो. कुठल्या पावडरवर?

निझामपुरा_एक्सप्रेस:
आजोबा आज जगात एक्का असलेला माणूस खास बारवर ५०० किलोच्या आसपास उचलतो, तोही कमरेपर्यंत. १२०० किलोचा गोल दगड छातीशी धरून चालला म्हणतात, ते मला नाही पचत. दगड आहे, मी शाळेच्या सहलीत पाहिलाय, हलवला असेल, एका बाजूने उचलला असेल.

तालीमवाला:
दगडावर लिहिलंय.

निझामपुरा_एक्सप्रेस:
सुरसागर तलावाच्या भिंतीवर पण बरंच लिहिलंय.

फिजिओ_अकोटा:
दगड राहू द्या 🙏 तालीमवाले काका, जोर-बैठका उत्तमच आहेत, दोन्ही शरीराच्या वजनावरचे व्यायाम, मी पण देते पेशंटना. पण बाकीचं खोडून काढावं लागेल. स्नायू आणि चरबी हे दोन वेगळे ऊतक आहेत, एकाचं दुसरं होत नाही. पहिलवानाने मेहनत सोडली आणि खुराक तोच ठेवला की स्नायू आटतो आणि चरबी चढते, बाहेरून दिसताना वाटतं की एकाचंच दुसरं झालं. व्हे पावडर म्हणजे पनीर-चीज करताना जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन वाळवलेलं, स्टेरॉइडशी त्याचा काही संबंध नाही. भेसळीचा माल बाजारात असतो, घेताना बघून घ्यावं, तो वेगळा विषय. निरोगी किडनीला त्याने काही होत नाही, ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

आणि भिजवलेले चणे-दूध हे प्रोटीनच होतं की हो, शब्द नव्हता एवढंच. आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये साध्या माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे साठ किलोला पन्नास ग्रॅम. वजनं उचलून स्नायू वाढवायचा असेल तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. आता आपल्या घरचं ताट बघा, पातळ वरणाची वाटी पाच-सहा ग्रॅम, एक पोळी तीन. डाळ खातो ना मग प्रोटीन भरपूर, हा शाकाहारी घरांतला मोठा गैरसमज. पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या, कोणी खात असेल तर अंडी, काहीतरी घातल्याशिवाय आकडा गाठत नाही.

वाडीची_लेक:
पण बायकांनी वजनं उचलली तर दंड पुरुषांसारखे होतात ना? जिममध्ये ट्रेनर म्हणाला तुम्ही फक्त ट्रेडमिल करा.

फिजिओ_अकोटा:
नाही होत. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन, पंधरा पटीच्या आसपास असतं, त्यांना सुद्धा दंड काढायला वर्षं लागतात, विचारा कुठल्याही कॉलेजच्या पोराला. तुमच्या वयाला उलट हाडांसाठी हवंय. पाळी गेली की हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा ट्रेडमिल पुरत नाही.

गरबा_क्वीन_९०:
कोणी गरब्याचं बोललंच नाही! नऊ रात्री तीन तीन तास, यापेक्षा मोठं कार्डिओ काय? माझं वजन दरवर्षी नवरात्रात उतरतं.

मांजलपूरकर:
गरबा झकास, हृदयाला चांगला, पण रात्री एक वाजता मैदानाबाहेर जे खाणं चालतं ते पण लिहा. आणि दिवसाचा उपास. उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन नावाला, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. उपासाने वजन उतरतं म्हणणाऱ्या घरात खिचडीची दुसरी वाटी कोणी नाकारलेली पाहिली नाही.

गरबा_क्वीन_९०:
तुमच्या घरी जेवायला कोण येतं हो? एकेका घासावर आकडा लावता. मी मजेसाठी नाचते.

मांजलपूरकर:
मजेसाठी नाचा हेच तर मी सकाळपासून लिहितोय, वजनासाठी नको.

सुरसागर_काका:
मला एक सांगा. माझा बीएमआय, तो उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ आहे, तक्त्यात नॉर्मल दाखवतात, तरी शुगर कशी काय आली? माझ्यापेक्षा जाड मित्र आहेत, मजेत पेढे खातात.

फिजिओ_अकोटा:
काका या प्रश्नासाठी एक फोटो प्रसिद्ध आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघं शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. आपली अंगकाठीच अशी आहे, हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात आत. म्हणून आपल्यासाठी २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठ धरतात, ते तक्ते गोऱ्यांचे. २०२३ ला आयसीएमआरचा देशभरचा जो अभ्यास आला त्यात साधारण ४० टक्के लोकांना पोटाचा लठ्ठपणा निघाला. त्यामुळे मांजलपूरकरांचं अर्धं मान्य, काटा खरंच पूर्ण गोष्ट सांगत नाही. पण माळ्यावर टाका हे अति झालं. वजन वाढायला लागलं हे सगळ्यात आधी काट्यालाच कळतं, आणि उतरवलेलं टिकवून ठेवणाऱ्यांत रोज चालणारे, व्यायाम करणारेच जास्त दिसतात. उतरवताना ताट, टिकवताना व्यायाम असं म्हणा हवं तर. "बंद करा" हे शीर्षक वाचून एखाद्याने खरंच बंद केलं तर?

मांजलपूरकर:
शीर्षक सौम्य ठेवलं असतं तर तुम्ही एवढं लिहिलं असतं का? टिकवण्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मी घातला नव्हता. काट्याबद्दल मात्र मी हटणार नाही. वाडीच्या ताईंनी वर लिहिलंय बघा घरात काय विचारतात ते, काटा त्यांच्या हातात नाहीच, सगळ्या वाड्याच्या हातात आहे.

सुरसागर_काका:
आणि सदुसष्टाव्या वर्षी वजनं? हाडं मोडायची.

फिजिओ_अकोटा:
१९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. तुम्ही तर तरुण आहात. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, तिथून सुरुवात. आणि काटा नको असेल तर कंबर मोजायला टेप घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्याच्या वर गेलं की लक्ष द्यायचं.

सुरसागर_काका:
माझी पँट ३४ ची आहे, म्हणजे पास?

फिजिओ_अकोटा:
पँट पोटाखाली बांधता ना? मग ते नाही चालत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

वाडीची_लेक:
आमच्याकडे शिवणाची टेप आहे, इंचाची.

फिजिओ_अकोटा:
मग साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

सुरसागर_काका:
३९ आले. पण टेप जुनी आहे, ताणली गेली असणार.

निझामपुरा_एक्सप्रेस:
काका ताणलेली टेप कमी दाखवते.