एआय सर्व्हरचं 'स्थलांतर' म्हणायचं का?

गेले काही महिने भाषांतराच्या कामात एकच वाक्य सारखं समोर येतंय, 'एआय हार्डवेअरचं उत्पादन मेक्सिकोत स्थलांतरित'. मला ते खटकतं. स्थलांतर म्हटलं की ऊसतोडीची टोळी डोळ्यासमोर येते, म्हणजे घराला कुलूप लावून माणसं निघाली. इथे फॉक्सकॉन या तैवानी कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला, एनव्हिडिया या चिप कंपनीच्या जीबी२०० या एआय चिपसाठी, मोठा कारखाना बांधतोय असं सांगितलं, पण तैवानातलं काम चालूच आहे. मग शब्द कुठला घ्यायचा?

— 'बस्तान हलवलं' म्हणा की सरळ. २०१८ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर शुल्क लावलं तेव्हापासून सर्व्हरवाले चीनमधून निघायला लागलेच होते, त्यांना हा शब्द चपखल बसतो.

— चीनपुरतं ठीक, पण तैवानसाठी नको. बस्तान हलवलं म्हणजे गाशा गुंडाळला असा अर्थ होतो. 'मेक्सिकोतही बस्तान बसवलं' म्हणा, त्यातला 'ही' फार महत्त्वाचा आहे.

— ताई, माझ्या मते घोळ 'उत्पादन' या शब्दात आहे. आमच्या वडिलांचा छापखाना होता, तिथे खिळ्यांची जुळणी एकाकडे, छपाई दुसऱ्याकडे आणि बांधणी तिसऱ्याच गल्लीत, त्यामुळे 'पुस्तक झालं का' विचारलं की वडील म्हणायचे, काय झालं का ते विचार. चिपचंही तसंच आहे. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, चिप घडते ते एक काम, ती घडलेली चिप मेमरीच्या शेजारी एका समाईक तळावर बसवतात ते दुसरं, आणि रॅक, म्हणजे सर्व्हरचं कपाट, उभा करतात ते तिसरं. मेक्सिकोत मुख्यतः हे तिसरं काम होतं, त्याला 'जुळणी' म्हणावं.

— जुळणी म्हणजे हलकंसलकं काम वाटेल हां लोकांना. एनव्हिडियाच्या एका एनव्हीएल७२ रॅकमध्ये ७२ जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिप), पाच हजारांवर तांब्याच्या केबली, वर पाण्याने थंड करायची नळ्यांची व्यवस्था, वजन सव्वा टनाच्या वर! असलं धूड बोटीने आणण्यापेक्षा ट्रकने सीमेपलीकडून टेक्ससला नेणं सोपं, हेही एक कारण आहेच की.

— हलकं का वाटावं, अक्षरजुळणी करणाऱ्याला विचारा. आणि कस्टमच्या दृष्टीने तर सगळा खेळ याच शब्दावर आहे, कारण वस्तूचं रूप शेवटचं खऱ्या अर्थाने जिथे बदललं तो तिचा मूळ देश असं अमेरिकेत साधारण धरतात, मग नुसती जुळणी केल्याने रूप बदलतं का यावर वकील भांडतात. (शुल्काला 'जकात' लिहू नका प्लीज, आपल्याकडे जकात म्हणजे पूर्वी शहराच्या नाक्यावर घेत ती, इथे आयातशुल्क.)

— आणि दुसऱ्या कामाचं काय, पॅकेजिंगचं? एका लेखात 'वेष्टन' वाचलं, वाचणाऱ्याला वाटेल खोक्यात भरतायत.

— त्याला मी 'कोंदण' सुचवेन. सोनार खडा बसवतो तसंच अगदी, खडा कितीही चांगला असला तरी कोंदणाशिवाय घालता येत नाही. अ‍ॅरिझोनात फिनिक्सला २०२५ च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपची पहिली वेफर दाखवली, खूप कौतुक झालं, पण तेव्हा कोंदणकाम तैवानलाच व्हायचं होतं. 'अमेरिकेत बनली' असं एका शब्दात लिहिलं की हे सगळं झाकलं जातं, आणि शुल्क लावूनही तैवानवाचून का अडतं ते वाचणाऱ्याला कळतच नाही.

वा, कोंदण फार आवडला, घेतला. मथळा बदलून 'एआय सर्व्हरची जुळणी मेक्सिकोत, चिपची घडण आणि कोंदण अजून मुख्यतः तैवानात' असा पाठवलाय. आता एक राहिलं, चिपच्या डोक्यावर पाणी खेळवायला ती तांब्याची चपटी प्लेट बसवतात तिला तुम्ही काय म्हणता? उद्याच्या मजकुरात चार वेळा आलीये.