मदत हवी आहे: वेलिगामात सर्फिंग शिकायचंय

नमस्कार मंडळी, जानेवारीत मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक टाकून श्रीलंकेला निघतोय. कोलंबो फोर्टहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रेल्वेने वेलिगामा गाठायचं आणि तिथेच मुक्काम ठोकून सर्फिंग शिकायचं, असा बेत आहे. दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, शिवाय समुद्राचा तळ तिथे वाळूचा, म्हणून हीच जागा निवडली. मैत्रीण विहिरीत पोहायला शिकलेली, लाटांची मात्र तिला फार भीती वाटते. धीर देत, कमरेएवढ्या पाण्यात फेसाळ लाटांवर आधी सराव करून घेणारा प्रशिक्षक कसा ओळखावा? बाई असेल तर फारच बरं. पहाटे गर्दी कमी असते का? आणि भरलेल्या सॅक घेऊन रेल्वेत बसायला जागा मिळते का? तिथे शिकून आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.